सूर्याच्या चार चौक्या

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

१९८५ साली मी पंधरा वर्षांचा होतो. त्या वर्षी रमजानचे सगळे रोजे धरायचे असे मी पहिल्यांदाच ठरवले होते. वर्ष मात्र चुकीचे निवडले. रमजान सुरू झाला मेच्या तिसऱ्या आठवड्यात आणि ईद आली जूनच्या तिसऱ्या आठवड्यात. म्हणजे पहिले रोजे रणरणत्या उन्हात आणि पुढचे मिरगाच्या पेरणीत. सातारा जिल्ह्यात आमचे गाव. पहाटे साडेचारच्या आत सहेरी उरकायची ती संध्याकाळी सात वाजून गेल्यावरच तोंडात पाण्याचा थेंब. मधल्या साडेचौदा तासांत पाभरीमागे चालायचे. सातव्या-आठव्या दिवशीच मी अब्बांना विचारले, रमजान दरवर्षी दिवाळीच्या वेळेला का येत नाही? अब्बा बैलांकडे बघत म्हणाले, "रमजान पाव्हणा हाय, पोरा. कधी उन्हाळ्यात येईल, कधी थंडीत. मिरीग घरचा हाय. त्यो आपल्या येळेला येतो."

पाहुणा आणि घरचा. अब्बांची शाळा चौथीपर्यंतची, पण कालगणनेच्या हजार-दीड हजार वर्षांच्या इतिहासाचा गाभा त्यांनी त्या वाक्यात सांगितला होता. त्या वाक्यातला एक शब्द चुकला होता, हे मला फार पुढे समजले. त्याकडे मी येणारच आहे.

आधी पाहुण्याचे पाहू. हिजरी सन निव्वळ चंद्रावर चालतो. चंद्रकोर ते चंद्रकोर असे बारा महिने धरले की दिवस भरतात ३५४. सूर्याचे वर्ष ३६५ दिवसांचे. दरवर्षी अकरा दिवसांची तूट पडते आणि हिजरी सनात अधिक महिना धरत नाहीत. त्यामुळे रमजान दरसाल अकरा दिवस अलीकडे सरकत जातो. सूर्याची ३३ वर्षे होतात तोवर चंद्राची ३४ होऊन जातात आणि पाहुणा पुन्हा जुन्या जागी येऊन बसतो. यात एक न्यायही आहे. डिसेंबरातला रोजा आमच्याकडे सव्वाबारा तासांचा, जूनमधला साडेचौदा तासांचा. जो माणूस तेहतीस वर्षे रोजे धरतो त्याच्या वाट्याला सगळे ऋतू येतात. पण शेतकऱ्याला या सनाचा काही उपयोग नाही. त्याला पेरणी कधी करायची ते सांगणारा सन लागतो आणि ते चंद्राला सांगता येत नाही. ते सूर्यच सांगतो.

सूर्य वर्षभरात चार ठिकाणांवरून जातो. मी त्यांना चौक्या म्हणतो, जुन्या घाटरस्त्यांवर जकातीच्या असत तशा. पहिली चौकी २० किंवा २१ मार्चची. त्या दिवशी सूर्य नेमका पूर्वेला उगवतो, नेमका पश्चिमेला मावळतो आणि दिवस-रात्र जवळजवळ सारखी असते. हा वसंतसंपात. मग उगवतीची जागा रोज थोडी थोडी उत्तरेकडे सरकते, ती २१ जूनपर्यंत. तिथे सूर्य थबकल्यासारखा होतो आणि मागे फिरतो. हा दक्षिणायनाचा आरंभ, वर्षातला सर्वांत मोठा दिवस. २२-२३ सप्टेंबरला तो पुन्हा मधल्या चौकीवर येतो, तो शरदसंपात. आणि २१-२२ डिसेंबरला दक्षिणेच्या टोकाला जाऊन उलटतो, ते उत्तरायण. गावाकडच्या कोणत्याही म्हाताऱ्याने ओसरीवर बसून हे पाहिलेले असते. थंडीत सूर्य त्या टेकाडाच्या खांद्यावरून उगवतो आणि उन्हाळ्यात देवळाच्या कळसामागून, एवढे ज्याला माहीत आहे त्याला चौक्या माहीत आहेत.

असे का होते, याचे उत्तर आमच्या वर्गातली निम्मी मुले चुकवायची. पृथ्वी सूर्याच्या जवळ गेली की उन्हाळा, लांब गेली की हिवाळा, असे ठोकून द्यायची. खरे तर पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, जेव्हा आपण शेकोटी करतो. तेव्हा अंतर सुमारे १४ कोटी ७० लाख किलोमीटर. जुलैच्या सुरुवातीला ती सर्वांत लांब, सुमारे १५ कोटी २० लाख किलोमीटरवर. ऋतू होतात ते पृथ्वी साडेतेवीस अंशांनी कललेली आहे म्हणून. हा कल तसाच ठेवून ती सूर्याभोवती फिरते. जूनमध्ये तिचा उत्तरेचा भाग सूर्याकडे झुकलेला असतो, डिसेंबरात दक्षिणेचा. ज्या भागावर ऊन उभे पडते आणि जास्त वेळ पडते तिथे उन्हाळा. ऊन तिरपे आणि थोडा वेळ, तिथे हिवाळा. लंडनला जूनमध्ये साडेसोळा तासांचा दिवस असतो आणि डिसेंबरात जेमतेम आठ तासांचा. इतका फरक पडल्यावर चार ऋतू स्पष्ट वेगळे होणारच. तिकडे चार चौक्या म्हणजेच चार ऋतूंचे दरवाजे. मार्चच्या चौकीपासून वसंत, जूनच्या चौकीपासून ग्रीष्म, सप्टेंबरला शरद, डिसेंबरला हिवाळा.

आपल्याकडे हे गणित तसेच लावले तर फसते. पुण्याचा सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान अकरा तासांचा. फरक केवळ सव्वादोन तासांचा. शिवाय सगळा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणून सूर्य आपल्या डोक्यावरून वर्षातून दोनदा जातो. आमच्या भागात १० मेच्या आसपास एकदा आणि ऑगस्टच्या आरंभी परत एकदा. त्या दिवशी मध्यान्हीला उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. शाळांतून हल्ली 'शून्य सावली'चा दिवस साजरा करतात तो हाच. आमच्या मळ्यातल्या विहिरीत त्या दिवशी ऊन सरळ तळापर्यंत उतरायचे आणि तळाचा गाळ दिसायचा. मेमध्ये पाणी तरी कुठे असते! ऑगस्टमध्येही सूर्य असाच विहिरीवर यायचा, पण तेव्हा वर ढग आणि विहीर काठोकाठ, त्यामुळे त्याचे येणे कोणाच्या लक्षात यायचे नाही. इजिप्तमधल्या सायीनी गावच्या विहिरीत वर्षातून एकदाच, जूनच्या चौकीच्या दिवशी ऊन असे तळाला जाते हे ऐकून इरॅटोस्थेनिस या ग्रीक पंडिताने पृथ्वीचा घेर मोजला. सायीनी कर्कवृत्ताच्या अगदी जवळ, म्हणून एकदा. आम्ही वृत्ताच्या आत, म्हणून दोनदा.

आपला कडक उन्हाळा मेमध्येच का येतो ते यावरून कळते. सूर्य तेव्हा डोक्यावर असतो. तो उत्तरेच्या चौकीवर पोहोचेपर्यंत जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातला फरक पावसाचे वारे ओढून आणतो आणि वर्षातला सर्वांत मोठा दिवस आपल्याकडे ढगाखाली जातो. म्हणून आपल्या बोलण्यात ऋतू तीनच. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. पोथीत सहा आणि इंग्रजी पाठ्यपुस्तकात चार. कवी म्हणून मला याचा वेगळाच त्रास झाला आहे. उर्दू गजल ऐकत मी मोठा झालो. तिच्यात बहार येते आणि खिजाँ येते, म्हणजे वसंत आणि पानगळ. सप्टेंबरच्या चौकीनंतर झाडे पिवळी पडून उघडी होतात, ही इराणची गोष्ट. आमच्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात रान हिरवेगार असते. आमची पानगळ शिमग्याच्या आधी आणि लगेच पाठीवर चैत्रपालवी. खिजाँ आणि बहार एकाच फांदीवर एकाच महिन्यात! मी लहानपणी उर्दू गजलेच्या धर्तीवर मराठीत पानगळीचे शेर लिहिले आणि ते सगळे खोटे निघाले.

आता कागदांकडे वळतो, कारण चौक्यांचा खरा इतिहास वसुलीच्या कागदांत आहे.

आमचे घराणे मुलाण्यांचे. मशिदीच्या दिवाबत्तीसाठी थोडी इनाम जमीन आणि एका विहिरीत पाण्याचा वाटा, एवढे वतन. त्याचा मोडीतला एक कागद पत्र्याच्या डब्यात होता. त्यावरचे साल एका शिकलेल्या नातेवाइकाने लावून दिले होते. कागदावर लिहिले होते, "सबा अर्बैन मया व अलफ". अरबी आकडे आहेत, एककापासून वाचायचे. सबा म्हणजे सात, अर्बैन चाळीस, मया शंभर, अलफ हजार. झाले ११४७. मुसलमानाचा कागद, अरबी आकडे, तेव्हा साल हिजरीच असणार. हिजरी ११४७ म्हणजे इ.स. १७३४-३५. गावच्या पाटलांकडे त्याच विहिरीचा कागद शके १६६०चा, म्हणजे १७३८चा. आमचा कागद चार वर्षांनी जुना. या चार वर्षांच्या जोरावर आमच्या घरातल्या तीन पिढ्या पाण्याच्या पाळीवरून भांडल्या.

पुढे पुण्यात मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांना मी कागद दाखवला. त्यांनी क्षणभर पाहिले आणि हसून म्हणाले, हा हिजरी नव्हे, सुहूर सन आहे. यात ५९९ मिळवा. ११४७ अधिक ५९९, उत्तर १७४६. आमचा कागद पाटलांच्या कागदापेक्षा आठ वर्षांनी धाकटा निघाला. घरी येऊन मी अब्बांना सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग पाटलांकडे जाऊन स्वतःच सांगून आले. पाटील म्हणाले, आता तुमची-आमची विहीर आटलीच आहे, राहू द्या. पण अब्बांना ते लागले होते. कागद खोटा नव्हता, वाचणारा खोटा नव्हता. सन चुकीचा धरला होता.

हा सुहूर सन कसा जन्मला ते समजून घेण्यासारखे आहे. 'शहर' म्हणजे अरबीत महिना, त्याचे अनेकवचन शुहूर. महिना चंद्राचा धरून वसुली केली तर काय होईल? सूर्याच्या तेहतीस वर्षांत पिके तेहतीसच निघणार, पण दप्तरात वर्षे चौतीस होणार. रयतेने तेहतीस पिकांवर चौतीस वर्षांचा सारा कुठून द्यायचा? शिवाय वर्षअखेर दरवेळी वेगळ्या ऋतूत. कधी पीक खळ्यात असताना, कधी पेरणीआधीच. यावर दख्खनमध्ये तोड निघाली ती सामान्यतः मुहम्मद तुघलकाच्या काळातली, इ.स. १३४४ची मानतात. तेव्हा हिजरी ७४५ चालू होते. तो आकडा तसाच ठेवला आणि तिथून पुढे वर्ष मात्र सूर्याचे धरले. वर्षारंभ कोणता? सूर्य मृग नक्षत्रात जातो तो दिवस. म्हणजे नाव अरबी, आकडे अरबी, मूळ गिनती हिजरतेपासूनची आणि वर्ष सुरू व्हायचे शेतकऱ्याच्या मिरगाला! याला मृगसालही म्हणत. हे साल कागदावर चढवणारे कारकून बहुतेक ब्राह्मण नाहीतर प्रभू. बहामनी आणि आदिलशाही-निजामशाहीच्या काळापासून पेशवाईच्या अखेरीपर्यंत ते चालले. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाचा नवा शक सुरू केला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तरी दप्तरातून सुहूर सन काही गेला नाही. पानिपतच्या लढाईचे साल कागदोपत्री "इहिदे सितैन मया व अलफ", म्हणजे ११६१.

हिशेब मांडायची आवड असेल त्यांच्यासाठी एक पडताळा. शाहजहानच्या अमलात १६३६मध्ये दख्खनला मोगलांचा फसली सन लागू झाला. फसल म्हणजे पीक, तेव्हा हाही पिकांचाच सन. त्या वेळी हिजरी १०४६ होते. तो आकडा घेऊन फसली पुढे सूर्याबरोबर चालू लागला. त्याच साली सुहूर सन होता १०३७. दोहोंत अंतर नऊ वर्षांचे. १३४४ ते १६३६ ही २९२ वर्षे. तिला तेहतिसाने भागा, उत्तर जवळजवळ नऊ. म्हणजे चंद्र त्या काळात जेवढा पुढे पळाला तेवढेच अंतर. आमच्या कागदातली बारा वर्षांची चूकही याच हिशेबात बसते.

जो पेच दख्खनला पडला तो इराणला त्याआधीच पडला होता. तिथला नवरोज हा मुळात वसंताचा सण. पण वर्ष ३६५ दिवसांचे धरून लीप दिवस न घातल्याने तो चौकीवरून घसरला होता. सेल्जुक सुलतान मलिकशाहने १०७४मध्ये ज्योतिषांची एक मंडळी बसवली. तिच्यात एक होता उमर खय्याम. आपल्याकडे तो रुबायांचा कवी म्हणून ठाऊक. माधव जूलियनांनी त्याला फारसीतून मराठीत आणले, तेही कोल्हापुरात फारसी शिकवलेले प्राध्यापक. पण खय्यामचे पोट रुबायांवर नव्हते, गणितावर होते. या मंडळीने ठरवले की वर्ष वसंतसंपाताच्या क्षणीच सुरू व्हायचे. महिना कितीचा, लीप कधी, हे सगळे त्या चौकीला विचारायचे. १०७९पासून हा जलाली सन सुरू झाला. इराणात १९२५च्या कायद्याने आलेला आजचा सौर हिजरी सन त्याच्याच वाटेवरचा. त्याचे पहिले सहा महिने ३१ दिवसांचे आहेत. कारण मार्चच्या चौकीपासून सप्टेंबरच्या चौकीपर्यंत सूर्याला १८६ दिवस लागतात आणि उरलेल्या वाटेला १७९. जानेवारीत पृथ्वी सूर्याजवळ असल्याने भरभर पळते आणि जुलैत रेंगाळते, त्याचा हा परिणाम. चार ऋतू सारख्या लांबीचे नाहीत. हिवाळा ८९ दिवसांचा, उन्हाळा त्याहून साडेचार दिवसांनी मोठा. अकबराने १५८४मध्ये इलाही सन सुरू केला, तोही नवरोजपासून. तो ज्याने आखला तो फत्तेउल्ला शिराजी अकबराकडे गेला तो आमच्या विजापूरच्या दरबारातून.

खय्यामने वर्ष चौकीला बांधले. आपण ते नक्षत्राला बांधले. आणि इथेच अब्बांच्या वाक्यातला चुकलेला शब्द येतो.

पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा अतिशय संथ डोलतो. एक फेरा सुमारे २६ हजार वर्षांचा. त्यामुळे संपाताची जागा ताऱ्यांच्या मागच्या पडद्यावर सरकत राहते, सुमारे ७२ वर्षांना एक अंश. ऋतू चौक्यांप्रमाणे चालतात, ताऱ्यांप्रमाणे नाही. ताऱ्यांवरून मोजलेले वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा वीस मिनिटांनी मोठे आहे. वीस मिनिटे म्हणजे काहीच नाही, पण एकाहत्तर-बहात्तर वर्षांत त्यांचा एक दिवस होतो. आज मृग ७ किंवा ८ जूनला निघतो. आजच्या कॅलेंडरच्या हिशेबाने शिवकाळात तो जूनच्या दोन-तीन तारखेला निघत असे आणि सुहूर सन सुरू झाला तेव्हा मेच्या अखेरीस. आणखी हजार वर्षांनी तो २२ जूनच्या सुमारास निघेल. पाऊस मात्र त्याच्यासाठी थांबणार नाही. मिरीगही पाहुणाच आहे. एका माणसाच्या आयुष्यात तो एकच पाऊल टाकतो, म्हणून घरचा वाटतो.

याची सर्वांत ठळक खूण संक्रांत. मकर संक्रांत म्हणजे उत्तरायणाचा सण. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी ती डिसेंबरच्या चौकीवरच होती. आज ती १४ किंवा १५ जानेवारीला येते, चोवीस दिवस उशिरा. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले, त्या दिवशी संक्रांत होती असे आपण सहज म्हणून जातो. हिशेब केला तर त्या साली संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येऊन गेली होती. १४ जानेवारी ही आपली संक्रांत, सदाशिवरावभाऊंची नव्हे. मात्र संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने वाढतो, असे म्हणणाऱ्या आजीबाईंना कोणी हसू नये. दिवस डिसेंबरअखेरीपासूनच वाढू लागतो हे खरे, पण आपल्याकडे सर्वांत उशिरा सूर्योदय होतो तो जानेवारीच्या मध्याला. पहाटे उठणाऱ्या बाईला दिवस संक्रांतीनंतरच वाढलेला दिसतो. तिचे डोळे बरोबर होते.

हा पेच मराठी माणसांनी फार गांभीर्याने घेतला होता. एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांनी वेधाशी जुळणारे पंचांग काढले. शंकर बाळकृष्ण दीक्षित, विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांनी तर सरळ सायन पंचांग काढले, म्हणजे चौक्यांना बांधलेले. त्यात संक्रांत डिसेंबरात पडायची. लोकांनी ते मानले नाही. लोकमान्य टिळकांनी १८९३च्या 'ओरायन'मध्ये वेदकाळी वसंतसंपात मृगात होता असे मांडून ती सरकणारी चौकीच इतिहासाचे घड्याळ म्हणून वापरली. मला ही कल्पना आजही थक्क करते, तिचे निष्कर्ष कोणाला पटोत न पटोत. पण पंचांग ताऱ्याला बांधायचे तर कोणत्या ताऱ्याला, यावरच मतभेद. म्हणून टिळक पंचांग पाळणाऱ्यांची संक्रांत १० जानेवारीला आणि बाकीच्यांची १४-१५ला. एका गावात दोन संक्रांती. ईदच्या चंद्रावरून आमच्यात वाद होतात तेव्हा मला यामुळे जरा धीर येतो.

स्वातंत्र्यानंतर हे काम मेघनाद साहांकडे आले. १९५२मध्ये नेमलेल्या त्यांच्या समितीत नागपूरचे के. ल. दफ्तरी आणि 'केसरी'चे संपादक राहिलेले ज. स. करंदीकर होते. देशभरची तीसेक पंचांगे समोर ठेवून समितीने १९५५मध्ये अहवाल दिला. साहांनी खय्यामचीच वाट धरली. २२ मार्च १९५७ रोजी १ चैत्र १८७९ असा भारताचा राष्ट्रीय सौर सन सुरू झाला. त्यात चैत्र वसंतसंपाताच्या पाठोपाठ येतो. १ आषाढ २२ जूनला, १ आश्विन २३ सप्टेंबरला, १ पौष २२ डिसेंबरला. चारही चौक्यांवर एकेक महिना उभा. वैशाख ते भाद्रपद हे महिने ३१ दिवसांचे, कारण तेच, सूर्य त्या बाजूला रेंगाळतो. तो सुरू झालेला पाहायला साहा नव्हते. फेब्रुवारी १९५६मध्येच ते गेले.

आणि या सनाचे काय झाले? तो भारताच्या राजपत्रावर छापला जातो आणि सकाळी आकाशवाणीवर सांगितला जातो. माझ्या लहानपणी ती तारीख ऐकून अम्मा म्हणायची, कालच तर पाडवा झाला, आज एवढी तारीख कशी? चूक अम्माची नव्हती. समितीने महिन्यांची नावे जुनीच ठेवली. २०२३ साली गुढीपाडवा आणि सरकारी १ चैत्र दोन्ही २२ मार्चला आले, पण पुढच्याच वर्षी पाडवा गेला ९ एप्रिलला. एका नावाचे दोन चैत्र घरात नांदत नाहीत. शिवाय सणांसाठी समितीने नक्षत्रांचीच गणना ठेवली, त्यामुळे लोकांच्या अंगणापर्यंत नवा सन आलाच नाही. सुहूर सनाचे नशीब चांगले होते. त्याला सारा वसूल करायचा होता, म्हणून रयतेने ऐकला. साहांच्या सनावर कोणाचे देणे-घेणे नाही.

२०१८च्या जूनमध्ये मी गावी होतो. अब्बा जाऊन बरीच वर्षे झाली होती. रमजान पुन्हा त्याच जागी आला होता, तेहतीस वर्षांनी. ८ जूनला मिरीग निघाला तेव्हा रोजे चालू होते. पुतण्या सोयाबीनच्या पिशव्या मोजत बांधावर बसला होता. त्याचा रोजा होता, माझाही होता. मोबाइलवर ढगांचे चित्र बघत त्याने विचारले, "चाचा, रोज्यात मिरीग परत कधी यायचा?"

"दोन हजार एकोणपन्नासला," मी म्हणालो. "तेव्हा तू छप्पन्नचा असशील."

त्याने मनात हिशेब केला, माझ्याकडे एकदा पाहिले आणि मी तेव्हा किती वर्षांचा असेन ते विचारले नाही. पश्चिमेकडे काळे आले होते. आम्ही पिशव्या उचलून छपरात ठेवल्या.